फिकट रंगाच्या गाडीवर वॅक्सचे धुके दिसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गाडीच्या निगेवर आलेला लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे आणि धुण्याविषयीचा भाग तर मी कापून ठेवला. पण पेस्ट वॅक्सविषयीचे, म्हणजे गाडीच्या रंगावर लावायच्या घट्ट मेणाविषयीचे, त्यातले एक वाक्य मला आठवडाभर खटकते आहे : 'वॅक्स सगळ्या गाडीला लावा, पांढरे धुके आले की कापडाने पुसून काढा.' काळ्या, निळ्या, लाल गाडीवर हे निभून जाईल. पांढरी, मोतिया, चंदेरी किंवा फिकी पिवळी गाडी असणाऱ्याने हे वाक्य जसेच्या तसे पाळले, तर त्याचा अख्खा दिवस जाईल आणि गाडीच्या रंगावर कायमचे ओरखडे पडतील. माझ्या हातून हे झालेले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची गाडी मोतिया रंगाची आहे. ११ वर्षांपूर्वी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नवी घेतली आणि दर तीन महिन्यांनी ते तिला स्वतः वॅक्स लावत. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा ते काम माझ्याकडे आले. पहिल्या वेळी अण्णा धाकट्या भावाकडे राहायला गेले होते. ते परत येईपर्यंत गाडी लखलखीत करून ठेवावी, असे माझ्या मनात होते.

सकाळी गाडी धुतली, कोरडी केली. डबी उघडली, स्पंजवर वॅक्सचा चांगला गोळा घेतला आणि छतापासून सुरुवात करून डिकीपर्यंत सगळ्या पत्र्यावर फासला. मग धुके येण्याची वाट बघत उभी राहिले. काही दिसेना. मोतिया रंगावर मोतिया थर, कुठे सुकला आणि कुठे ओला आहे, मुळात कुठे लागला आणि कुठे राहिला, काहीच कळेना. एव्हाना बॉनेटवर ऊन आले होते. अजून थोडे थांबू म्हणत मी तासभर घालवला. पुसायला घेतले तेव्हा छत कसेबसे निघाले, पण बॉनेटवर कापड अडकायला लागले. मी घरातला जुना सुती टॉवेल आणला आणि जोर लावून गोल गोल घासत सुटले. चार तासांनी खांदे भरून आले होते, पण गाडी बरी दिसत होती. संध्याकाळी फाटकावरचा दिवा लागला आणि बॉनेटभर माझ्या हाताच्या फेऱ्या उमटलेल्या दिसल्या, जशा ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यावर दिसतात तशा. पुढच्या वेळी गाडी धुतली तेव्हा पाणीही सगळीकडे सारखे घरंगळेना. वॅक्स पुसून निघाल्यावर त्याखालून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे वर आले. ते त्या सुती टॉवेलचे होते. ते आजही आहेत.

मी २९ वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. प्रकाशपेटीवर फिल्म लावली की आरपार येणाऱ्या उजेडात हाड दिसते, पण फिल्मच्या पृष्ठभागावरचा ओरखडा किंवा बोटाचा ठसा ओळखायचा, तर ती काढून तिरपी धरावी लागते आणि तिच्यावरून परावर्तित होणारा उजेड बघावा लागतो. हे मी शिकाऊ मुलांना शेकडो वेळा सांगितले आहे. घरच्या गाडीपुढे उभी राहिल्यावर मात्र ते मला सुचले नाही. समोरून, उभ्याने, वरून खाली बघत राहिले.

सुकत आलेले वॅक्स पांढुरके दिसते, कारण ते आपल्यावर पडणारा उजेड सगळ्या दिशांना विखुरते. मागचा रंग गडद असला की हे पांढुरकेपण उठून दिसते. मागचा रंगच पांढरा असला, की तोही तेवढाच उजेड विखुरून परत पाठवतो आणि वरचा थर त्यात हरवून जातो. पांढऱ्या कागदावर खडूने लिहिले तर अक्षर दिसत नाही, तसेच हे आहे. डोळे बारीक करून उपयोग नाही आणि जास्त उजेड केला तरी नाही.

अण्णा परत आले. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि बसल्या जागेवरून म्हणाले, "बॉनेटवर डाव्या बाजूला राहिलंय बघ." मी उभी होते, मला काही दिसेना. "खाली बस, माझ्या शेजारी," म्हणाले. मी वाकून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आले आणि पत्र्यावरून आडवी नजर टाकली. बॉनेटमध्ये दाराच्या चौकटीचे प्रतिबिंब पडले होते. उजवीकडे चौकटीची कड रेघेसारखी धारदार होती, डावीकडे ती दुधात बुडाल्यासारखी पुसट झाली होती. वॅक्स तिथे होते. रंगाकडे बघायचेच नाही, त्यात पडलेल्या प्रतिबिंबाकडे बघायचे, हे मी त्या दिवशी ८१ वर्षांच्या माणसाकडून शिकले. रंग कितीही फिका असला तरी त्याच्यावरच्या पारदर्शक थराला, क्लिअर कोटला, चकाकी असते आणि त्यात काही ना काही प्रतिबिंब पडतेच. बंद जागेत काम करत असाल तर टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरावा. राहिलेला प्रत्येक फटकारा त्यात उजळून निघतो.

आता मूळ प्रश्न, पुसायचे कधी? त्यासाठी हे वॅक्स म्हणजे काय आहे ते थोडे समजून घ्यावे लागते. चांगल्या पेस्ट वॅक्समध्ये बहुतेक वेळा कार्नोबा असते. ईशान्य ब्राझीलमध्ये उगवणाऱ्या एका ताडाच्या पानांवरचे हे मेण आहे. पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ते स्वतःच्या पानांवर तयार करते. निसर्गातल्या सर्वांत कठीण मेणांत त्याची गणना होते. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्नोबाला ८० च्या वर जावे लागते. इतके कठीण मेण नुसते घेतले तर पत्र्यावर पसरणारच नाही. म्हणून त्यात पेट्रोलियमपासून काढलेला द्रावक आणि इतर मऊ मेणे मिसळून लोण्यासारखी पेस्ट करतात. आपण लावतो तेव्हा हा द्रावक उडायला लागतो आणि मेण मागे उरते. द्रावक पुरेसा उडायच्या आत पुसले तर मेण कापडाबरोबर निघून जाते, नाहीतर फासले जाते. फार वेळ गेला, त्यात पत्रा तापलेला असला, तर ते चिवट होऊन बसते. थर जाड असेल तर वरची साय सुकते आणि आत ओलेच राहते. फार वेळ, तापलेला पत्रा आणि जाड थर, माझ्या बॉनेटवर या तिन्ही चुका एकाच दिवशी झाल्या होत्या.

फिकट गाडीवर हा क्षण डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतो. स्वच्छ, कोरडे बोट थरावरून एकदाच, दोन इंचभर ओढायचे. बोट चिकटत ओढले गेले आणि कडेला लोण्यासारखी वळी जमली, तर थांबायचे. बोट सहज सरकले, टोकाला कोरडी भुकटी लागली आणि बोट गेले तेवढा पत्रा लख्ख झाला, तर कापड उचलायचे. लगेच उचलायचे, चहा घेऊन येते म्हणून जायचे नाही. कोरड्या हवेत आमच्याकडे पाच-सात मिनिटांत ही वेळ येते, दमट दिवशी २० मिनिटेही लागली आहेत. त्यामुळे घड्याळावर जाऊ नये.

अण्णांची आणखी एक रीत सांगते, मला ती फार आवडते. एका डब्याचे गर्द निळ्या रंगाचे पत्र्याचे झाकण त्यांनी जपून ठेवले आहे. गाडीला वॅक्स लावले की त्याच स्पंजाचा एक हात झाकणावर फिरवायचा आणि ते गाडीशेजारीच सावलीत ठेवायचे. गाडीवर जे दिसत नाही, ते झाकणावर स्वच्छ दिसते. झाकणावर सगळीकडे सारखे धुके आले की गाडीवर बोट ओढून खात्री करायची. प्रयोगशाळेत नमुन्याशेजारी आपण पडताळणीचा नमुना ठेवतो, अगदी तोच विचार. कोणत्याही गडद, गुळगुळीत रंगवलेल्या वस्तूवर हे करता येईल. मात्र दोन्ही सावलीत हवेत. उन्हात गडद पत्रा जास्त तापतो आणि मग झाकण खोटे सांगते.

पण पुसण्याचे निम्मे कष्ट लावतानाच वाचतात, आणि लेखात नेमके याविषयीच काही नाही. फिकट गाडीवर लावलेले दिसत नाही, म्हणून माणूस खात्रीसाठी आणखी लावतो. माझा तो गोळा याच भीतीतून आला होता. अण्णा स्पंज डबीत अलगद टेकवून पाव फेरा देतात, बस्स. तेवढ्यात बॉनेटचा अर्धा भाग होतो. त्यांची २०० ग्रॅमची डबी आम्हाला चार वर्षे पुरली. वर्षातून चार वेळा धरले तर एका वेळी सगळ्या गाडीला साधारण १२ ग्रॅम. पत्र्यावर ते लागले आहे की नाही अशी शंका यावी इतका पातळ थर बरोबर असतो.

एका वेळी एकच भाग घ्यावा : अर्धे बॉनेट, मग उरलेले अर्धे, मग एक दार. एकाचे सुकते तोवर दुसऱ्याला लावावे, पण दोनच्या पुढे जाऊ नये. हात गोल फिरवू नये. पुढून मागे अशा सरळ पट्ट्या ओढाव्यात आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी चढवावी. गडद गाडीवर गोल फिरवले तरी राहिलेली जागा दिसते. आपल्याला ती दिसत नाही, म्हणून हात कुठून कुठे गेला हे हातालाच ठाऊक असले पाहिजे. दुसरा थर द्यायचा असेल तर तो दुसऱ्या दिवशी आणि आडवा द्यावा, म्हणजे पहिल्या वेळी निसटलेली जागा दुसऱ्या वेळी सापडते. दोनाच्या वर थर देण्यात मला आजवर काही फायदा दिसलेला नाही.

काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, आरशांचे बूड, दारांचे रबर यांवर आधी मास्किंग टेप लावून घ्यावा. फिकट गाडीवर वॅक्स लपते, पण या काळ्या भागांवर त्याचे पांढरे डाग महिनोन्महिने राहतात. चुकून लागलेच तर पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ टूथब्रश बुडवून हलके घासावे. नंबरप्लेटच्या कडा, कंपनीची अक्षरे, दारांच्या फटी यांत अडकलेले वॅक्स त्या दिवशी कोणाला दिसत नाही. पंधरा दिवसांत त्यावर धूळ बसते आणि मोतिया गाडीवर काळी रेघ उमटते. म्हणून पुसून झाल्यावर कोरडा मऊ ब्रश सगळ्या फटींतून फिरवते.

पुसायला मायक्रोफायबरचेच कापड, आणि तेही दोन. कापडाची दोनदा घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. पहिल्या कापडाने थर उचलायचा, दुसऱ्याने फक्त शेवटचा हात. कापड अडकायला लागले म्हणजे ती बाजू भरली, तेव्हा जोर वाढवायचा नाही, बाजू बदलायची. कडेला शिवलेले लेबल आधी कापून टाकावे. कापड जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते संपले, नुसते झटकून पुन्हा वापरू नये. एक खडा पुरतो. धुताना ही कापडे सुती कपड्यांबरोबर टाकू नयेत, नाहीतर सुताचा बारीक कोंडा त्यांत अडकतो. कपडे मऊ करणारे द्रव्यही घालू नये, कारण त्याने कापडाची उचलण्याची ताकद जाते. आणि जुनी बनियन, जुना टॉवेल, यांना कृपा करून गाडीजवळ आणू नका. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. पॉलिश करून चरे घालवायचे म्हणजे त्यातलाच थोडा घासून काढायचा, आणि हे किती वेळा करता येईल याला मर्यादा आहे. माझ्या त्या एका दुपारचे चरे मी पॉलिश करून काढलेले नाहीत, ते याच कारणाने.

वाळून चिवट झालेल्या वॅक्सचे काय करायचे, हे मला कोणी वेळेवर सांगितले असते तर तो टॉवेल घरातच राहिला असता. उपाय डबीतच असतो. त्याच वॅक्सचा अगदी पातळ हात त्या जागेवर द्यायचा आणि सुकू न देता दहा-पंधरा सेकंदांत पुसायचा. नव्या थरातला द्रावक जुना थर मऊ करतो आणि दोन्ही एकदम निघतात. पहिल्यांदा हे केले तेव्हा चार तास न सुटलेली जागा एका हातात मोकळी झाली, आणि मला अक्षरशः रडू आले.

फिकट गाडीला वॅक्स लावून उपयोग काय, चमक तर दिसत नाही, असेही लेखात सुचवले आहे. चमक कमी दिसते हे खरे. काळ्या गाडीवर जो आरसा होतो तो आमच्यावर होणार नाही. पण वॅक्स हा सगळ्यात वरचा थर आहे आणि पक्ष्यांची विष्ठा, चिरडलेले किडे, झाडाचा चीक हे क्लिअर कोटच्या आधी त्याला गाठतात. आम्ल असलेली विष्ठा उन्हात तशीच राहिली तर क्लिअर कोटला कायमचा डाग पडतो, मग खालचा रंग कोणताही असो. वॅक्समुळे ती हटवायला थोडा जास्त अवधी मिळतो आणि पुसायला जोर लागत नाही. कार्नोबा पिवळसर असते म्हणून पांढरी गाडी पिवळी पडेल, ही भीतीही मी पुष्कळांकडून ऐकते. थर पातळ असेल आणि नीट पुसला असेल तर तसे काही होत नाही. आमच्या गाडीवर ११ वर्षांत झालेले नाही.

उलट फिकट रंगाचा एक फायदा आहे, तो जरूर घ्यावा. धुतलेल्या गाडीवर जवळून बघितले तर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसतात. ब्रेक झिजून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुततात आणि गंजतात, त्याचे ते ठिपके. काळ्या गाडीवर ते लपून राहतात. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवला तर ते वाळूसारखे टोचतात. वॅक्सच्या आधी ते गाडीसाठी मिळणाऱ्या क्लेने, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ गोळ्याने, भरपूर ओलाव्यावर, काढून टाकावेत. त्यांच्यावरूनच वॅक्स लावले तर ते आत बंद होऊन बसतात.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. चमक नसलेल्या मॅट रंगाला वॅक्स कधीही लावू नये. आणि नुकताच नवा रंग मारलेला भाग असेल तर रंगवणाऱ्याला विचारल्याशिवाय डबी उघडू नये. ताज्या रंगातला द्रावक बाहेर पडायला आठवडे लागतात, त्यावर झाकण घालू नये.

आपली पुरवणी वाचून येत्या रविवारी कितीतरी जण डबी घेऊन अंगणात उतरतील आणि रस्त्यावरच्या फिकट गाड्या बघता त्यांतले पुष्कळ माझ्यासारखेच असतील. म्हणून विनंती आहे की, पुढच्या अंकात लेखाच्या जागीच ठळक अक्षरांत एवढी दुरुस्ती द्यावी : 'गाडी फिकट रंगाची असल्यास धुक्याची वाट पाहू नये. सावलीत, एका वेळी एकाच भागाला, पातळ थर द्यावा. बोट ओढून कोरडी भुकटी लागली की लगेच मायक्रोफायबरने पुसावे आणि खाली वाकून प्रतिबिंब तपासावे.' जागा कमी पडत असेल तर माझे बाकीचे पत्र कापले तरी चालेल, या ओळी मात्र छापाव्यात.

आपली,
एक नियमित वाचक
निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ